रजिस्टरमधलं शून्य : दुर्गम भागातल्या रक्तदाब-उपचाराचं एक प्रकरण

या प्रकरणातली माणसं आणि ठिकाण ओळखू येऊ नये म्हणून नावं, देश आणि रुग्णसंख्या दिलेली नाही. मी या कामात औषधसाठा आणि नोंदी सांभाळत होतो. त्यामुळे हे लिखाण तपासणीच्या टेबलापेक्षा औषधाच्या कपाटाकडे जास्त झुकलेलं वाटेल. तसं ते आहेच.

पार्श्वभूमी

डॉक्टर बाई शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात फिजिशियन. वर्षातून एकदा हक्काची रजा टाकायच्या, चार-पाच सहकाऱ्यांना गोळा करायच्या आणि एका डोंगराळ भागात आठवडाभराचं शिबिर घ्यायच्या. जिल्ह्याचं रुग्णालय तिथून जवळजवळ दिवसभराच्या वाटेवर. हाताशी होतं ते एक छोटं सरकारी आरोग्य केंद्र. दोन खोल्या, लसींचा फ्रीज, एक लोखंडी कपाट आणि हे सगळं एकटीने सांभाळणाऱ्या सिस्टर.

शिबिराला गर्दी तुडुंब. अंगदुखी, खोकला, खरूज, डोळ्यांतून पाणी, आणि तपासता तपासता सापडणारा रक्तदाब. रक्तदाबाचं असंच असतं, तो घेऊन कुणी येत नाही, तो सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 मधल्या अंदाजानुसार जगात 30 ते 79 वयाच्या सुमारे 128 कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता. त्यातल्या 46 टक्क्यांना तो असल्याचंच माहीत नव्हतं, आणि तो आटोक्यात होता असे जेमतेम पाचांत एक. शिबिरात ज्यांचा दाब वाढलेला निघे त्यांना कागदी पाकिटात तीस गोळ्या मिळायच्या आणि सोबत एक वाक्य, "औषध बंद करू नका हं."

मग शिबिर उठायचं.

पाचव्या वर्षी एक आजी रांगेतून पुढे आल्या. पिशवीतून मागच्या वर्षीचं पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. आत चार गोळ्या आणि एक अर्धी. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, ह्या अजून उरल्यात?" आजी जरा अभिमानानेच म्हणाल्या, "पुरवून पुरवून घेतल्या. डोकं गरगरलं की अर्धी घेते. बंद करू नका म्हणाला होतात ना."

त्या रात्री पाचही वर्षांची शिबिराची रजिस्टरं पहिल्यांदाच शेजारी शेजारी उघडली गेली. दरवर्षीचं रजिस्टर एक नंबरपासून सुरू होत होतं. तीच नावं, त्याच वस्त्या, आणि नावापुढे दरवर्षी तोच शेरा: "नवीन रुग्ण". काही नावं तिसऱ्या वर्षानंतर दिसत नव्हती. सिस्टरांना विचारलं तर त्या बोट ठेवत गेल्या. ह्याला अर्धांगवायू झाला, ही मुलाकडे राहायला गेली, हा वारला. ही माहिती त्यांच्याकडे सगळी होती. आम्ही ती पाच वर्षांत कधी विचारली नव्हती, एवढंच.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपापल्या परीने अडचण मांडली. एकाला डॉक्टर कमी वाटत होते, एकाला इमारत, एकाला लोकांमधलं अज्ञान. अज्ञानाचा मुद्दा आजींच्या पाकिटाने निकालात काढला होता. त्यांनी सांगितलेलं तंतोतंत पाळलं होतं. अकरा महिने पुरतील इतक्या गोळ्या आम्हीच दिल्या नव्हत्या.

रक्तदाबाला लागतं ते तसं साधं. एक-दोन स्वस्त औषधं, रोज, बहुधा आयुष्यभर. दर महिन्याला कुणीतरी दाब मोजायचा, कमी-जास्त असेल तर मात्रा बदलायची आणि जो आला नाही त्याच्या घरी जायचं. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात: उपचार सुरू केल्यावर दाब आटोक्यात येईपर्यंत दर महिन्याला तपासणी, नंतर दर तीन ते सहा महिन्यांनी. यातल्या कुठल्याही कामाला आठवडाभर येणाऱ्या तज्ज्ञाची गरज नाही. गरज आहे ती उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांत तिथे असणाऱ्या माणसाची, आणि त्या माणसाच्या कपाटात गोळ्या असण्याची.

समोरचे पर्याय

वर्षातून चार शिबिरं घ्यायची, हा पहिला विचार. तो लवकर मागे पडला. तीन महिन्यांची फट उरतेच, आणि खर्चाचा मोठा वाटा प्रवासात जातो.

दुसरा पर्याय छोटं रुग्णालय बांधण्याचा. एक देणगीदार तयार होते. इमारतीला पैसे द्यायला तयार होते, पगारांना नाही. असे देणगीदार सगळीकडे भेटतात आणि त्यांना नावं ठेवण्यातही अर्थ नाही, भिंतीवर पाटी लावता येते, पगारपत्रकावर येत नाही. पण आरोग्य केंद्राच्या कोपऱ्यात चादरीखाली झाकलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, आम्ही रोज पाहत होतो. कुणीतरी पूर्वी दान दिलेला. विजेचा दाब सतत वर-खाली, सुटे भाग नाहीत, फिल्टर धुवायचा असतो हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. गरीब देशांतल्या रुग्णालयांच्या उपकरणांची यादी तपासणारा एक आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ 40 टक्के उपकरणं बंद स्थितीत आढळली होती. चादरीखालचं ते यंत्र त्यातलंच एक समजा. बांधकामाचा प्रस्ताव डॉक्टरांनी नाकारला आणि देणगीदार दुसरीकडे गेले. यावर आमच्यात बरीच धुसफूस झाली.

तिसरा पर्याय सिस्टरांनी मांडला आणि तो सगळ्यांत अवघड होता. "शिबिरच बंद करा," त्या म्हणाल्या. "त्या आठवड्याची वाट बघत लोक दोन-दोन महिने दुखणं अंगावर काढतात. तुमच्या पैशात जिल्ह्याहून औषध आणायची सोय करा." त्या वेळी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पाहिलं आहे. पाच वर्षांच्या रजा त्यांनी या शिबिरांवर घालवल्या होत्या.

चौथा मुद्दा पैशांचा. औषधं फुकट द्यायची की थोडं शुल्क घ्यायचं? शुल्क घेऊन त्यातूनच पुढची खरेदी करायची, ही कल्पना जुनी आहे. 1987 च्या बामाको उपक्रमात आफ्रिकेतल्या अनेक देशांनी ती उचलली होती. औषधं काही ठिकाणी खरंच नियमित मिळू लागली, पण सगळ्यांत गरीब माणूस दारातूनच परत फिरतो हेही दिसलं. त्यात रक्तदाब हा न दुखणारा आजार. दुखत असेल तर माणूस उसने काढून पैसे देतो. दुखत नसताना आयुष्यभर दर महिन्याला कोण देईल? शुल्काचा विचार सोडला.

उरला तो मार्ग असा: वस्त्यांमधल्याच बायकांना प्रशिक्षण द्यायचं, मात्रा ठरवण्याचं काम सिस्टरांकडे आणि डॉक्टरांनी मागे राहून आधार द्यायचा. यात नवीन काही नव्हतं. जामखेडला आरोळे दाम्पत्याने 1970 पासून निरक्षर बायकांना हाताशी धरून हेच केलं. 1978 च्या अल्मा-आता जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्य सेवेत अशा गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना जागा दिली. गडचिरोलीत गावातल्या प्रशिक्षित बायका घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्यावर बालमृत्यू किती घटले, ते 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. हे होऊ शकतं याबद्दल शंका नव्हती. आमच्याकडून होईल का, एवढाच प्रश्न होता.

काय केलं

जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून लेखी आदेश मिळवायला बरेच महिने गेले. तो आदेश नसता तर सिस्टरांनी दिलेली प्रत्येक गोळी नियमाबाहेरची ठरली असती. उपचाराची पद्धत एका पानावर बसवली. दोन वेळा मोजून दाब 140/90 किंवा त्याहून जास्त असेल तर अमलोडिपिन 5 मिलिग्रॅम. महिन्याने पुन्हा मोजायचं, तरीही जास्त असेल तर 10. तरीही जास्त असेल तर जिल्ह्याच्या डॉक्टरांना फोन. अमलोडिपिन निवडण्याचं कारण असं की त्यासाठी रक्ततपासणी लागत नाही आणि ते शरीरात बराच काळ टिकतं, एखादी गोळी चुकली तर लगेच घात होत नाही. दुसऱ्या पायरीची, म्हणजे अमलोडिपिन पुरेसं पडलं नाही तर द्यायची, काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत आणि त्यांना मूत्रपिंड व पोटॅशियमची तपासणी लागते. तो निर्णय सिस्टरांच्या एकटीच्या डोक्यावर टाकायचा नाही, असं ठरलं.

प्रशिक्षणाला एक तपशील फार महत्त्वाचा निघाला. पहिल्या महिन्यात कार्यकर्त्या घेऊन आलेले आकडे भीतीदायक होते. डॉक्टर एका कार्यकर्तीबरोबर वस्तीवर गेल्या आणि नुसत्या बघत बसल्या. बाई चढण चढून धापा टाकत येते, उभ्या उभ्याच पट्टा बांधला जातो, हात लोंबकळतोय, पट्टा दंडाला आखूड, आणि दोघी सगळा वेळ बोलतायत. यातल्या बहुतेक गोष्टी आकडा वर नेतात. पाच मिनिटं शांत बसवा, पाय जमिनीवर, हात टेकवून छातीच्या पातळीवर, बोलायचं नाही, असं सगळं पुन्हा शिकवलं. पण पाच मिनिटं गप्प बसणं हे दोघींनाही जमेना. त्यावर एका कार्यकर्तीनेच तोड काढली. पट्टा बांधायचा आणि त्या पाच मिनिटांत तिने खाली मान घालून मागच्या महिन्याच्या नोंदी उतरवायच्या. "मी लिहायला लागले की बाई आपोआप गप्प बसते, काहीतरी सरकारी चाललंय असं वाटतं तिला," ती म्हणाली. ही युक्ती पुढे प्रशिक्षणात घेतली. पुढच्या महिन्याचे आकडे बरेच खाली आले, तेही एकही गोळी न वाढवता.

मानधनावर मोठा वाद झाला. डॉक्टरांचं मन सेवाभावाकडे ओढत होतं. त्या स्वतः बिनपगारी राबत होत्या, त्यामुळे ते साहजिकही होतं. पण डॉक्टरांना शहरात पगार होता. कार्यकर्तीचा अर्धा दिवस म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी. एका देणगीदाराने सुचवलं की जितके रुग्ण तपासले तितके पैसे द्या. हे वरवर न्याय्य दिसतं, पण मग पट्टा बांधलेले दंड मोजले जातात, माणसं नाही. गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये दिलेल्या शिफारशीही अशाच आहेत: कामाच्या मानाने मोबदला द्या, लेखी करार करा आणि सगळा मोबदला कामगिरीच्या आकड्यांवर टांगू नका. शेवटी ठरावीक मासिक मानधन आणि एका पानाचा करार झाला. करार हातात आल्यावर एक बाई तो सिस्टरांकडून तीनदा वाचून घेऊन गेली.

चूक, आणि ती माझी होती

औषधं कुठून आणायची, हा प्रश्न मी सोडवला आणि चुकीचा सोडवला.

सुरुवातीला दानाची खोकी यायची. एका खोक्यात अडीच, पाच आणि दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या, चार वेगवेगळ्या ब्रँडनावांनी. काहींची मुदत चार महिन्यांवर आलेली, काहींवर कुणालाच न वाचता येणारी भाषा. दान केलेल्या औषधांची पोहोचताना किमान एक वर्ष मुदत शिल्लक असावी आणि लेबल तिथल्या माणसांना कळेल अशा भाषेत असावं, हे जागतिक आरोग्य संघटनेने 1996 पासून सांगून ठेवलं आहे. तरी खोकी येतात. ती मी बंद करवली आणि मिळालेल्या निधीतून सरळ पाच मिलिग्रॅमच्या एकाच प्रकारच्या गोळ्या विकत घेऊ लागलो. वेगळं कपाट, वेगळं रजिस्टर, वेगळी किल्ली. सरकारी कपाटात ना आमचा हात, ना आमच्या कपाटात सरकारी दिरंगाई. दीड वर्ष गोळ्या एकदाही संपल्या नाहीत. मला माझ्या त्या रजिस्टरचा फार अभिमान होता.

मग निधीचा एक हप्ता अडकला. दोन महिने काहीच आलं नाही. मी सिस्टरांना म्हटलं, तोवर सरकारी साठ्यातून चालवू. त्यांनी कपाट उघडून दाखवलं. अमलोडिपिनच्या दोन पट्ट्या.

"जिल्ह्याहून जास्त मागवा ना, सिस्टर."

"कशाच्या जोरावर मागवू?" त्यांनी सरकारी साठा-रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. अमलोडिपिनच्या पानावर मागच्या सहा तिमाहींचा वापराचा रकाना होता. शून्य, शून्य, दोन पट्ट्या, शून्य, शून्य, शून्य. जिल्ह्याचं भांडार मागच्या तिमाहीत किती वापरलं ते पाहून पुढच्या तिमाहीचा पुरवठा ठरवतं. आम्ही गोळ्या आमच्या कपाटातून, आमच्या रजिस्टरवर देत होतो. सरकारी दप्तरात या भागात रक्तदाबाचा रुग्णच नव्हता. आमचं काम जितकं चोख होत गेलं, तितकी ही गरज कागदावरून पुसली जात होती.

हे कुणी लपवलं नव्हतं. ते रजिस्टर माझ्या कपाटापासून चार पावलांवर होतं. सिस्टरांनी सुरुवातीलाच म्हटलंही होतं की नोंद एकाच ठिकाणी ठेवू या. मी ते त्यांच्या कागदी सवयीचा भाग समजून सोडून दिलं होतं.

त्या दोन महिन्यांत बरेच रुग्ण तुटले. एक गृहस्थ पक्षाघाताने गेले. औषध असतं तर टळलं असतं का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. मात्र त्यांची पत्नी रिकामी पट्टी घेऊन केंद्रावर दोनदा येऊन गेली होती.

दुरुस्ती

दोन कपाटांचं एक कपाट झालं. हे एका वाक्यात लिहिलं, पण करायला तीन तिमाही लागल्या. प्रत्येक गोळी, कुठूनही आलेली असो, सरकारी रजिस्टरवर चढायची आणि तिथूनच उतरायची. निधीतून घेतलेला साठा "उसनवार" म्हणून नोंदवायचा, म्हणजे सरकारी पुरवठा आला की तो वळता होईल आणि वापराचा आकडा मात्र खराखुरा दिसेल. पहिल्या तिमाहीत भांडाराने मागणीच्या एक चतुर्थांशही दिलं नाही. वापर एकदम इतका वाढलेला पाहून तिथल्या लिपिकाला ती चूक वाटली आणि त्याने आकडा खोडून जुना घातला. त्याला दोष देता येत नाही, शून्यावरून हजारांवर गेलेला आकडा मलाही संशयास्पद वाटला असता. डॉक्टर स्वतः रुग्णांची यादी घेऊन जिल्ह्याला गेल्या. माझ्या मते त्यांनी या प्रकल्पासाठी केलेलं सगळ्यांत मोठं वैद्यकीय काम ते हेच.

मागणी कशी काढायची हे सिस्टरांबरोबर पाठ केलं. समजा शंभर रुग्ण रोज एक गोळी घेतात, तर महिन्याला 3,000 गोळ्या. मागणी केल्यापासून माल हातात पडायला तीन महिने लागत असतील तर 9,000. रस्ता बंद होणं, हप्ता चुकणं यासाठी दोन महिन्यांचा जादा साठा, 6,000. म्हणजे कपाटात आणि वाटेवर मिळून 15,000 गोळ्यांचा हिशेब जुळला पाहिजे. मुदत आधी संपणारी पट्टी पुढे, नंतरची मागे. हे गणित सिस्टरांना येत नव्हतं असं नाही. मागितलेलं मिळतं हा अनुभव त्यांना नव्हता, त्यामुळे ते करण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता.

मधुमेहाचा पेच

रक्तदाबाचं बसायला लागल्यावर मधुमेह का घेत नाही, अशी विचारणा सुरू झाली. वस्तीत इन्सुलिनवर असलेला एक तरुण होता, त्याची आई दर आठवड्याला विचारायची. इन्सुलिनचा न उघडलेला साठा 2 ते 8 अंशांत ठेवावा लागतो, साखर वारंवार मोजावी लागते, आणि साखर अचानक उतरली तर तासाभरात काहीतरी करता आलं पाहिजे. लसींचा फ्रीज होता, पण लसींच्या फ्रीजमध्ये दुसरं काही ठेवायला परवानगी नव्हती. डॉक्टरांनी नाही म्हटलं. त्या तरुणाला जिल्ह्याच्या रुग्णालयाशी जोडून दिलं, प्रवासाचा खर्च काही काळ उचलला.

हा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. तो आईला सांगताना डॉक्टरांनी सिस्टरांना पुढे केलं, ते बरोबर नव्हतं. "नाही" म्हणण्याचं काम तिथे कायम राहणाऱ्या माणसावर टाकलं की पुढची कित्येक वर्षं त्या घराचा राग तिलाच सोसावा लागतो.

डॉक्टरांनी मागे सरकणं

कागदावर डॉक्टर मागे सरकल्या होत्या. पण पुढच्या वर्षी त्या आल्या तेव्हा केंद्राबाहेर नेहमीसारखी रांग. महिनाभर कार्यकर्तीकडे न फिरकलेले लोक "मोठ्या डॉक्टर येणार आहेत" म्हणून थांबले होते. डॉक्टर दोन दिवस सवयीने तपासत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्टेथोस्कोप पिशवीत टाकला आणि खुर्ची सिस्टरांच्या मागे नेली. रुग्ण आला की सिस्टर तपासणार, सिस्टर सांगणार. रुग्णाने डॉक्टरांकडे पाहिलं की डॉक्टर सिस्टरांकडे बघणार. थोडा नाटकी प्रकार होता तो. एक आजोबा वैतागून म्हणाले, "मग ह्या बाई बसल्यात कशाला?" सिस्टर म्हणाल्या, "माझी परीक्षा घ्यायला." सगळे हसले, आणि त्या हसण्याने जे झालं ते आमच्या कुठल्याच बैठकीने झालं नसतं. त्यानंतरच्या वर्षी शिबिराची तारीखच जाहीर केली नाही.

परिणाम

आता रजिस्टरमध्ये एका माणसाला एकच नंबर आहे आणि त्याचं नाव महिन्यामागून महिना त्याच पानावर सापडतं. गोळ्या जिल्ह्याहून येतात. बहुतेक वेळा पुरेशा, कधी उशिरा, आणि तेव्हा जादा साठा उपयोगी पडतो. सगळ्यांत लांबच्या वस्तीला पावसाळ्यात दर महिन्याला जाणं जमत नाही, म्हणून ज्यांचा दाब स्थिर आहे त्यांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात. 10 मिलिग्रॅमवर गेल्यावर पाय सुजले म्हणून काहींनी औषध सोडलं होतं. हा या औषधाचा नेहमीचा दुष्परिणाम आहे हे कार्यकर्त्यांना आधीच सांगायला हवं होतं. आता त्या घोटा दाबून बघतात आणि सिस्टरांना कळवतात.

सिस्टरांची बदली झाली. नव्या सिस्टर आल्या त्या महिन्यात नोंदी कोलमडल्या, बरेच रुग्ण दिसेनासे झाले. त्यांना शिकवलं ते डॉक्टरांनी नाही, कार्यकर्त्यांनी, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या त्या एका पानावरून. एका कार्यकर्तीने काम सोडलं. मानधनाचा काही भाग आरोग्य खात्याने उचलला, उरलेला अजून निधीवर आहे, म्हणजे तेवढ्यापुरतं हे काम अजूनही कुणाच्या तरी मर्जीवर आहे.

पाकीटवाल्या आजी दर महिन्याला येतात. दाब कधी बसतो, कधी नाही. अर्धी गोळी करण्याची सवय मात्र सुटलेली नाही. आता एक अर्धी सकाळी आणि एक अर्धी रात्री घेतात. कार्यकर्तीने तो वाद सोडून दिला आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी रुग्ण तपासण्याआधी साठा-रजिस्टर पाहीन. गावात किती आजार आहे हे शिबिर सांगतं, सरकारी यंत्रणेला त्यातलं किती दिसतं ते साठा-रजिस्टर सांगतं. या दोन आकड्यांमधलं अंतर हीच कामाची खरी यादी.

स्वतंत्र पुरवठा अजिबात करू नये असं मी म्हणणार नाही. भांडारात खरोखरच काही नसेल तर वाट बघत बसणं म्हणजे माणसं मरू देणं. पण तो पहिल्या गोळीपासून सरकारी रजिस्टरवर चढवावा आणि तो कधी थांबणार हे आधी लिहून ठेवावं. यावर डॉक्टरांचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांच्या मते सुरुवातीच्या दीड वर्षात गोळ्या अखंड मिळाल्या नसत्या तर लोकांचा विश्वासच बसला नसता आणि मग रजिस्टरवर दाखवायला रुग्ण कुठून आले असते? यात तथ्य आहे. मला मात्र तो विश्वास आमच्या कपाटावर बसला, केंद्राच्या नाही, असं वाटतं.

बदलीची तयारी पहिल्या वर्षीच करायला हवी होती. सरकारी नोकरीत बदली होणारच. ती झाल्यावर आम्ही सगळे असे दचकलो की जणू अपघात झाला.

दुसऱ्या पायरीचं औषध अजून या केंद्राच्या मंजूर यादीत नाही. ज्यांना ते लागतं त्यांचं औषध जिल्ह्याहून एका कार्यकर्तीच्या पिशवीतून येतं, सही करून, केंद्राच्या रजिस्टरवर चढून. मंजुरीचा अर्ज नव्या सिस्टरांनी दोनदा पाठवला आहे. दुसऱ्या वेळी त्यांनी सोबत चार तिमाहींच्या वापराचं पान जोडलं, त्यात एकही शून्य नव्हतं.